मानेचं ऑपरेशन: दोन डॉक्टर, दोन मतं

या वेळी मानेच्या मणक्याबद्दलची तीन पत्रं घेतलीयेत. उत्तरं देणारी मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, पण ऑपरेशन झालेले आणि टळलेले दोन्ही पेशंट माझ्याकडे रोज येतात.

प्रश्न: वय ४७, टिळक रोडला एका पतसंस्थेत काउंटरवर असते, राहायला धायरीत. सात आठवडे झाले उजवा हात दुखतोय, मानेपासून सुरू होऊन खांद्याच्या मागे आणि मग खाली अंगठा आणि शेजारच्या बोटापर्यंत मुंग्या. रात्री हात डोक्यावर ठेवून पडलं की जरा बरं वाटतं. सिंहगड रोडवरचे स्पीडब्रेकर तर विचारूच नका. एमआरआयमध्ये सी ५-६ ची, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली डिस्क (गादी) उजवीकडे बाहेर आलीये, सी ४-५ आणि सी ६-७ ला पण बल्ज, म्हणजे गादी फुगलेली, लिहिलंय. एक सर्जन म्हणाले नस दबलीये, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून टाकू. दुसऱ्यांनी हातोडी मारून बघितली, हाताची ताकद बघितली, चालायला लावलं आणि म्हणाले ताकद चांगली आहे, अजून सहा आठवडे थांबू. मिस्टर म्हणतात मणक्याला हात लावायचाच नाही, जाऊबाई म्हणतात त्यांच्या सोसायटीतले एक काका ऑपरेशननंतर उठलेच नाहीत. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, दुसऱ्या डॉक्टरांचं, आणि ते थांबा म्हणाले म्हणून नाही तर त्यांनी तुमचा हात तपासला म्हणून. पहिल्यांनी काय तपासलं ते तुमच्या पत्रात काहीच नाहीये, तपासलंही असेल आणि लिहायचं राहिलं असेल, पण मानेचं ऑपरेशन नुसती फिल्म बघून ठरत नाही. जपानमध्ये १२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते, सगळे काहीही त्रास नसलेले, २०१५ मध्ये ते छापून आलं, तर त्यातल्या जवळजवळ ८८ टक्के लोकांच्या डिस्क बल्ज निघाल्या, विशीतल्या पोरापोरींमध्ये पण ७० टक्क्यांच्या वर. त्यामुळे रिपोर्टमधल्या सी ४-५ आणि सी ६-७ च्या ओळी वाचून झोप उडवून घेऊ नका. सी ५-६ चं मात्र खरं वाटतंय, कारण तिथून बाहेर पडणारी नस अंगठा आणि तर्जनीकडेच जाते, म्हणजे फिल्म आणि तक्रार जुळतायत. हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटतं ते पण त्याच नसेमुळे, तिच्यावरचा ताण सैल होतो.

आता थांबायचं का तर अशा सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याच वेळा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, नसेची सूज उतरते, आणि बहुतेक लोकांचं हाताचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बरंच कमी होतं. तुम्ही सातव्या आठवड्यात आहात. पहिले सर्जन लगेच चोर ठरत नाहीत हां, ऑपरेशनने हाताची कळ लवकर थांबते हे खरंय, काही जणांना तर दुसऱ्या दिवशीच फरक पडतो, पण वर्ष-दोन वर्षांनी ऑपरेशन केलेले आणि न केलेले शेजारी उभे केले की तो फरक बराच कमी झालेला असतो. म्हणजे तुम्हाला विचारायचा प्रश्न असा की अजून दीड महिना हे दुखणं गोळ्या आणि व्यायामावर सोसवेल का. सोसवत असेल तर थांबा. नसेल सोसवत, झोप नाही, नोकरी जायची वेळ आलीये, तर ऑपरेशन करून घेण्यात काही चूक नाही, त्यासाठी मिस्टरांसमोर अपराधी वाटून घ्यायची गरज नाही.

अजून एक, तुमचं हात दुखणं जास्त आहे की मान दुखणं? हे ऑपरेशन हाताच्या कळेसाठी चांगलं चालतं, नुसत्या मानदुखीसाठी तितकी खात्री कोणी प्रामाणिक सर्जन देणार नाही. मान आखडते म्हणून ऑपरेशन करून आलेले लोक माझ्याकडे परत मान आखडते म्हणूनच येतात.

सोसायटीतल्या काकांचं म्हणाल तर त्यांना काय झालं होतं ते जाऊबाईंना तरी नीट माहितीये का? मज्जारज्जू आधीच खूप दबलेला असलेल्या पेशंटची गोष्ट आणि तुमच्यासारख्या एका नसेची गोष्ट वेगळी. पुढून गळ्याला छोटा छेद घेऊन डिस्क काढायची, मध्ये हाडाचा तुकडा किंवा आता केज (छोटा पोकळ ठोकळा) बसवून दोन मणके जोडायचे, हे ऑपरेशन १९५० च्या दशकापासून होतंय, केज नंतर आले. त्यात पॅरालिसिसचा धोका शून्य नाही पण फार कमी आहे. लोकांना खरा त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टींचा, काही दिवस, कधी काही आठवडे घास गिळताना अडकल्यासारखं होतं, आवाज बसतो, आणि पुढे काही वर्षांनी जोडलेल्या मणक्यांच्या वरची किंवा खालची डिस्क कुरकुरायला लागू शकते. हे आधी सांगितलेलं असलं की पेशंट घाबरत नाही.

थांबायच्या काळात काय करायचं तर मानेचा पट्टा चार-पाच दिवस ठीक, महिनोनमहिने लावलात तर मानेचे स्नायू ढिले पडतील. प्रीगाबालिनसारखी गोळी चालू असेल तर गुंगी येते, ती घेऊन सकाळी अॅक्टिव्हा घेऊन निघू नका, आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंदही करू नका, डॉक्टर सांगतील तशी कमी करा. काउंटरवर फोन खांदा आणि कानात धरून बोलायची सवय असेल तर ती आजच बंद. आणि कोणाकडूनही मान मोडून घ्यायची नाही, मालिशवाली असो नाहीतर हाडवैद्य, त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते, क्वचित होतं पण झालं तर थेट मेंदूवर येतं.

बी १२ तपासलंय का? शाकाहारी असाल, शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी रोज असेल तर ते कमी निघतं, आणि मुंग्या त्यानेही येतात. मनगटात नस दबली तरी अंगठ्याकडची बोटं बधिर होतात, रात्री जास्त, नर्व्ह कंडक्शन या नसांच्या तपासणीत ते कळतं. मानेचं ऑपरेशन होऊन मुंग्या तशाच, मग कळतं की निम्मा त्रास मनगटातला होता, असे पेशंट मी बघितलेत, आणि त्यांचा संताप पण बघितलाय.

पण सहा आठवडे थांबा म्हणजे डोळे मिटून थांबा असं नाही. पातेलं उचलताना मनगट गळायला लागलं, पोळी लाटताना जोर लागेना, हातातून वस्तू पडायला लागल्या, ब्लाउजचे हुक लावता येईनात, चालताना तोल जायला लागला, मान खाली केल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं वाटलं, लघवी-शौचाचा ताबा बदलला, यातलं काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. ताप, वजन कमी होणं किंवा आधी कधी कॅन्सर झालेला असेल तर तेही सांगा.

प्रश्न: माझे वडील ६८ वर्षांचे, आम्ही सहकारनगरला राहतो. ते रोज पहाटे पर्वती चढायचे, सहा-आठ महिन्यांपासून कठडा धरून चढतात आणि उतरताना पाय कुठे पडतोय ते बघत उतरतात. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, सही बदलली म्हणून बँकेने चेक परत केला, चप्पल पायातून निघून जाते आणि त्यांना कळत नाही. आम्हाला वाटलं वय झालं. न्यूरोसर्जन म्हणाले मानेत तीन ठिकाणी मज्जारज्जू दबलाय, ऑपरेशन लवकर करा. वडिलांची मान अजिबात दुखत नाही, त्यामुळे ते म्हणतात दुखत नाही तर कापायचं कशाला, आणि आषाढी झाल्यावर बघू, या वर्षी वारी चालायची आहे. तंबाखू खातात. जबरदस्ती करावी का?

उत्तर: दादा, वरच्या ताईंना मी थांबा म्हटलं म्हणून तेच उत्तर वडिलांना वाचून दाखवू नका, तुमचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. तिथे एक नस दबलीये, इथे मज्जारज्जूच दबलाय, आणि यात बऱ्याच लोकांना दुखतच नाही, म्हणून तर उशीर होतो. बटणं, सही, चप्पल, जिना, तुम्ही एकही लक्षण सोडलेलं नाहीये. डॉक्टरांनी मधलं बोट टिचकीने दाबून अंगठा हलतो का बघितलं असेल, तळपायाला ओरखडा काढला असेल, ते सगळं याचसाठी. वडिलांना एक करून बघायला सांगा, दहा सेकंदांत मूठ पूर्ण उघडायची आणि मिटायची, जितक्या जमतील तितक्या. धडधाकट माणसाच्या साधारण वीसच्या वर होतात. याने निदान होत नाही, पण त्यांचा आकडा बाराला अडकला तर मला वाटतं तुमच्या दहा लेक्चरपेक्षा ते जास्त पटेल.

हा दाब गोळ्यांनी किंवा व्यायामाने निघत नाही, हे मी व्यायाम शिकवणारी असून सांगतेय. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मध्यम आणि जास्त त्रासाला ऑपरेशनच सांगितलंय, अगदी सौम्य असेल तरच देखरेखीखाली थांबायचा पर्याय ठेवलाय, आणि जिना उतरताना तोल जाणं मी तरी सौम्य म्हणणार नाही. वडिलांना हेही स्वच्छ सांगा की ऑपरेशनचा पहिला हेतू म्हणजे आहे ते टिकवणं. बऱ्याच जणांचं चालणं, हात सुधारतात, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, आणि जितके जास्त महिने दाब राहील तितकं परत येणं कमी. सहा-आठ महिने गेलेच आहेत.

वारीचं मला समजतं, माझ्या माहेरी पण माळ आहे. पण आळंदी ते पंढरपूर जवळपास अडीचशे किलोमीटर, गर्दी, चिखल, दिवे घाट, आणि अशा मानेने एक साधं पडणं झालं तरी हातपाय एका क्षणात लुळे पडू शकतात, आधी दबलेल्या मज्जारज्जूला तेवढा धक्का पुरतो. या वर्षी माउलींची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला येईल तेव्हा तुम्ही सोबत राहून कमी गर्दीच्या वेळी दर्शन करवा, पुढच्या वर्षीचं पुढे. जबरदस्तीचं म्हणाल तर सही त्यांचीच लागणार, त्यामुळे न्यूरोसर्जनकडे परत एकदा त्यांना घेऊन जा आणि ऑपरेशन केलं नाही तर वर्षभरात काय होऊ शकतं हे डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून सांगू दे, तुमच्याकडे बघून नको. आमच्याकडे मुलगा आणि डॉक्टर बोलतात आणि पेशंट भिंतीकडे बघत बसतो.

तीन ठिकाणी दाब आहे म्हणजे कदाचित मागून ऑपरेशन सुचवतील, पुढून की मागून ते विचाराच, आणि सीटी स्कॅन सांगितला तर पैसे काढायचा धंदा म्हणू नका. मणक्याच्या आतल्या लिगामेंटचं हाड झालेलं असणं आपल्या आशियाई लोकांत जास्त सापडतं, ते सीटीवर नीट दिसतं आणि त्यावर ऑपरेशनची पद्धत बदलते. तंबाखू आजपासून बंद, घरात कोणाची मिश्री असेल तर तीही त्यांच्यासमोर नको, निकोटिनने हाड जुळायला त्रास होतो. ६८ वय अडचण नाही, शुगर, हार्ट आणि रक्त पातळ करायची गोळी यांचं बघावं लागतं, ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि तोपर्यंत हर्निया वगैरे दुसरं काही निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेचं आधी सांगा, नळी घालताना मान मागे वाकवतात.

प्रश्न: वय ३६, हिंजवडीत आयटीत आहे. तीन महिने गोळ्या, फिजिओ सगळं झालं, आता ट्रायसेप्समध्ये (दंडाच्या मागच्या स्नायूत) ताकद कमी झालीये, ऑपरेशन करायचं ठरलंय. सर्जन आर्टिफिशियल डिस्क म्हणतात, भावजी म्हणतात ते मार्केटिंग आहे, मणके जोडूनच घे. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही ऑपरेशन ठरवलंत ते मला पटलं. आर्टिफिशियल डिस्क हे मार्केटिंग नाही, अमेरिकेत मानेसाठी २००७ पासून मान्यता आहे, त्या जागेची हालचाल शिल्लक राहते, आणि अभ्यासांमध्ये शेजारच्या डिस्कसाठी परत ऑपरेशन लागायचं प्रमाण कमी दिसलंय. पण मागचे सांधे झिजलेले असतील, मणका अस्थिर असेल किंवा हाड खूप वाढलेलं असेल तर ती बसवत नाहीत, तिथे जोडणंच बरोबर. तेव्हा भावजींना सोडा, सर्जनना विचारा की माझे मागचे सांधे कसे आहेत, वाकून-ताठून काढलेल्या एक्स-रेत मणका हलतो का, तुम्ही स्वतः अशा किती बसवल्यात, आणि ऑपरेशन तुम्हीच करणार ना. दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी न्या. इम्प्लांटचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा ते लेखी घ्या. कंपनीच्या पॉलिसीवर अवलंबून असाल तर ऑपरेशनआधी प्री-ऑथ (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) मिळू द्या आणि आर्टिफिशियल डिस्क कव्हर आहे का ते टीपीएकडून (विम्याचे क्लेम बघणारी एजन्सी) ईमेलवर घ्या, फोनवरचं हो डिस्चार्जच्या दिवशी कोणाला आठवत नाही. ऑपरेशननंतर मान दोन्हीकडे आरामात वळेपर्यंत आणि गुंगीच्या गोळ्या बंद होईपर्यंत हिंजवडीला गाडी चालवत जायचं नाही, तोवर वर्क फ्रॉम होम मागा.