देश विकसित होऊ लागला की लोकसंख्या आधी वाढते आणि मग घटते, असं का?

कारण मृत्यू आधी कमी होतात, जन्म नंतर. मधल्या काळात लोकसंख्या फुगते. लोक जास्त मुलं जन्माला घालतात असं नव्हे. झालेली मुलं जगू लागतात. शुद्ध पाणी, लसी आणि पोटभर अन्न मिळालं की बालमृत्यू झपाट्याने घटतात. पण सहापैकी तीन मुलं गमावलेली सासू सुनेला ‘दोन पुरेत’ कशी म्हणेल? ती धास्ती जायला एखादी पिढी लागते.

मग हिशेब उलटतो. शेतात सातव्या वर्षी हाताशी येणारं मूल शहरात वीस-बावीस वर्षं खर्चाची बाब ठरतं. मुली शिकतात, लग्नं लांबतात, गर्भनिरोधकं सहज मिळतात. माझ्या मते मोठा वाटा मुलींच्या शिक्षणाचाच.

वेग बघायचा तर दक्षिण कोरिया बघा: १९६० मध्ये बाईमागे सरासरी सहा मुलं, २०२३ मध्ये ०.७२! लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतात.

आणि हो, दर २.१ खाली गेला म्हणून लोकसंख्या लगेच घटत नाही. आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आई होण्याच्या वयात येत असतात, त्यामुळे आकडा पुढे काही दशकं चढतच राहतो.