जुन्या मशीनचा शाफ्ट कंपनीकडे मिळत नाही. नमुना देऊन लेथवर बनवून घेतला तर टिकतो का?

टिकतो. "लेथवाल्याचा पार्ट टिकत नाही" हे नागपुरात हिंगणा एमआयडीसीपासून कळमन्यापर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं आणि बहुतेक वेळा ते खोटं असतं. पार्ट मोडला की "माल हलका वापरला" म्हणून सगळे मोकळे होतात. मोडलेला तुकडा उजेडात धरून तो कुठून मोडला, हे कोणी बघत नाही.

आधी नमुन्याचं. झिजलेला शाफ्ट पुढे ठेवून "असाच बनवा" म्हणाल तर झिजलेलाच शाफ्ट नव्याने मिळेल. नमुना कामाचा तो लांबी, पायऱ्या आणि चावीच्या (पुली शाफ्टवर फिरू न देणाऱ्या पट्टीच्या) खाचेची जागा बघायला. बेअरिंग बसतं तिथलं माप बेअरिंगच्या नंबरावरून घ्यायचं. ६२१२ असेल तर भोक ६० मिमी. शाफ्ट फिरता आणि लोड मध्यम असेल तर आपल्याकडे सर्रास के-६ (मापाची किती हद्द चालेल ते सांगणारा दर्जा) धरतात, म्हणजे शाफ्ट ६०.००२ ते ६०.०२१ मिमी. नमुन्यावर तिथे ५९.९४ सापडलं तर आतली रिंग शाफ्टवर घसरत होती, एवढाच त्याचा अर्थ. पुलीकडचं टोक पुलीच्या भोकावरून मापायचं. ५५ मिमीला चावी १६ × १० आणि शाफ्टमधली खाच ६ मिमी खोल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते, म्हणजे शोल्डरचा (जिथे शाफ्टचा व्यास बदलतो त्या पायरीचा) कोपरा. एका डाळ मिलचा रोलर शाफ्ट पुलीच्या बाजूला, बेअरिंग टेकतं त्या पायरीवर मोडला. मूळ शाफ्टला त्या कोपऱ्यात अडीच मिमीची गोलाई होती. ६२१२ च्या आतल्या रिंगच्या कोपऱ्याला मात्र कमीत कमी १.५ मिमीचीच हमी असते. त्यामुळे बेअरिंग गोलाईवर चढून बसायचं, शोल्डरला टेकायचंच नाही. मिलच्या फिटरने त्यावर तोड काढली: "कोपरा काटकोनात काढून टाका, मग बरोबर टेकते." तसा एक शाफ्ट त्यांनी दुसरीकडून करून घेतला. तो मोडला. मग मालकाने ईएन-२४ चा (जास्त ताकदीच्या मिश्र पोलादाचा) गोल बार आणून दिला, कोपरा तसाच टोकदार ठेवला आणि तोही त्याच जागी मोडला. तरीही शेवटपर्यंत वाद एकच, माल खराब.

तुकड्याचं तोंड सगळं सांगत होतं. काठाकडून आत जाणाऱ्या गुळगुळीत कमानी, आणि एका बाजूला शेवटी तुटलेला खडबडीत, दाणेदार भाग. शाफ्ट केसभरही वाकलेला नव्हता. माल मऊ असता तर शाफ्ट आधी वाकला किंवा पिळला असता. हा थकून मोडला होता. पट्ट्याचा ताण एकाच दिशेला असतो आणि शाफ्ट फिरतो, त्यामुळे कोपऱ्यातला प्रत्येक बिंदू दर फेरीत एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. ४०० आरपीएमला तासाला २४ हजार वेळा. रोज दहा तास मिल चालली तर पाचव्या दिवशी दहा लाखांचा आकडा ओलांडतो. टोकदार कोपऱ्यात हा ताण एका रेषेवर गोळा होतो आणि तिथेच चीर सुरू होते. जास्त कडक पोलाद अशा खाचेला उलट जास्त नाजूक असतं, म्हणून ईएन-२४ चे पैसे पाण्यात गेले.

आणि एक गोष्ट मालकांना पटतच नाही. ईएन-८ (मध्यम कार्बनचं साधं पोलाद) काय किंवा ईएन-२४ काय, तेवढ्याच लोडला दोन्ही तेवढेच वाकतात. ताकद वेगळी, लवचीकपणा एकच. वाक कमी हवा असेल तर व्यास वाढवा किंवा पुली बेअरिंगच्या जवळ आणा.

मी साध्या ईएन-८ चा शाफ्ट केला आणि कोपऱ्यात १.२ मिमीची गोलाई दिली. तो चालतो आहे. इन्सर्टचं (बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या टोकाचं) टूल असेल तर टोकाला १.२ मिमी गोलाई असलेला, म्हणजे १.२ नोजचा घ्या (नंबराच्या शेवटी १२ असतो, उदाहरणार्थ टीएनएमजी १६०४१२). नसेल तर १२ मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला ग्राइंडरवर गोलाई द्या, रेडियस गेजने उजेडात तपासा आणि ऑइल स्टोनने धार साफ करा. ग्राइंडरची रेघ टूलवर राहिली तर ती कोपऱ्यात उतरते, म्हणजे पुन्हा खाच तयार. टूल शोल्डरपर्यंत आणून थांबवू नका, तसंच बाहेर ओढत फेसिंग करा, म्हणजे शोल्डरचं तोंड सपाट कापा. शोल्डरचा व्यास ६२१२ ला किमान ६९ मिमी लागतो, म्हणून ६५ चा बार घेऊन काम भागवू नका. बेअरिंग बसवल्यावर रिंग आणि शोल्डर यांच्यामध्ये ०.०३ मिमीची फीलर पट्टी (फट मापायची पातळ पट्टी) शिरता कामा नये.

बेअरिंगच्या दोन्ही जागा दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांना टेकणाऱ्या टोकदार आधारांत) धरून एकाच सेटिंगमध्ये काढा. तीन जॉच्या चकमध्ये जॉब उलटवून धरलात तर दोन जागांचे मध्य जुळणार नाहीत. टेलस्टॉककडे (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) लक्ष ठेवा. ७०० मिमीचा शाफ्ट ३० अंशांनी तापला तर जवळपास पाव मिमी लांबतो. सेंटर सैल केला नाही तर जॉब धनुष्यासारखा वाकतो आणि मधेच जाड-बारीक कटतो.

माप घेण्यात सगळ्यात जास्त घोटाळा नागपूरच्या मे महिन्यात होतो. शॉपमध्ये ४४ अंश आहे म्हणून घाबरू नका. मायक्रोमीटर आणि जॉब दोन्ही पोलादाचे आणि दोन्ही ४४ वर असतील तर फरक जवळपास कटतो. घोटाळा होतो तो कटमधून नुकताच निघालेला, हाताला चटका देणारा जॉब मापण्यात. ३० अंश जास्त गरम असलेला ६० मिमी व्यास सुमारे २० मायक्रॉन (०.०२ मिमी) फुगलेला असतो. के-६ ची पूर्ण हद्द १९ मायक्रॉन. गरम असताना ६०.०१५ दाखवणारा शाफ्ट थंड झाल्यावर ५९.९९५ होतो, आणि मग लोक शाफ्टवर पंचाने ठोकून खुणा उठवतात आणि त्यांवर बेअरिंग घट्ट बसवतात. शेवटचे दोन कट सारखे ठेवा: व्यासावर ०.६० राहू द्या, ०.३० घ्या, जॉब पूर्ण निवू द्या, मापा, जो फरक दिसेल तो धरून दुसरा ०.३० घ्या. शेवटी ०.०२ चा कट घेऊ नका. इन्सर्ट कापत नाही, घासतो. कूलरसमोर फिनिश केलेला जॉब उघडा ठेवू नका, ओलाव्याने रात्रीत गंज चढतो. तेल लावून ठेवा.

पंचाबद्दल स्पष्टच सांगतो: पंचाच्या टोकांवर बसलेली रिंग टोकं चेपली की पुन्हा सैल होते, आणि प्रत्येक पंच म्हणजे चिरेला एक नवी जागा. वेल्डिंगने भरून टर्निंग करणंही ईएन-८ वर तेवढंच वाईट. आधी नीट न तापवता भरलं तर वेल्डच्या काठाला पोलाद काचेसारखं कडक होतं आणि शाफ्ट तिथून जातो. हळू फिरणाऱ्या ट्रॉलीच्या अॅक्सलला चालतं. पट्ट्यावर फिरणाऱ्या शाफ्टला नाही.

माल इतवारीच्या लोहाओळीतून घेत असाल तर टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि दुकानाच्या तोंडी शब्दावर न थांबता ग्राइंडरला टोक लावून ठिणगी बघा: साध्या एमएसची (माइल्ड स्टीलची) ठिणगी लांब आणि कमी फाटे असलेली, ईएन-८ ला फाटे जास्त. ब्राइट बार (थंड ओढून काढलेला चकचकीत बार) लांब शाफ्टला टाळा, एका बाजूला खाच काढली की आतला ताण सुटून बार वाकतो.

हेही खरं की, पट्टा गरजेपेक्षा ताणलेला असेल किंवा दोन पुल्या एका रेषेत नसतील तर गोलाई दिलेला शाफ्टही मोडेल. आणि क्रेन, लिफ्ट किंवा प्रेशरमधला पार्ट असेल तर हे सगळं विसरा. तो नमुन्यावरून कोणाकडूनही बनवून घेऊ नका. तुमचा शाफ्ट कुठल्या मशीनचा ते लिहिलेलं नाही, त्यामुळे किती वर्षं जाईल ते सांगता येत नाही. लेथवाल्याकडे जाताना बेअरिंगचे नंबर, पुली, आरपीएम आणि मोडलेले दोन्ही तुकडे न पुसता, न घासता घेऊन जा.