डबक्यात सापडलेला काळा पाणभुंगेरा: त्याला नवीन प्रजाती म्हणून नाव द्यायला इतका वेळ का लागतो?

तुम्ही विचारलंय की उष्णकटिबंधीय जंगलातल्या एका डबक्यात तुम्हाला काळा, चकचकीत पाणभुंगेरा दिसला आणि तो कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. तुमच्याकडे फोटो आहेत. मग नवीन प्रजाती म्हणून त्याला नाव देता येईल का, आणि शास्त्रज्ञांना यात वर्षं का लागतात? मी याच भुंगेऱ्यांवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो नेमका कोण आहे ते बघा. पाण्यातले काळे भुंगेरे बहुतेक दोन कुलांतले असतात, डायटिसिडी आणि हायड्रोफिलिडी. डायटिसिडीतला भुंगेरा श्वास घ्यायला शेपटीकडून वर येतो आणि पोहताना मागचे दोन्ही पाय एकदम मारतो. हायड्रोफिलिडीतला डोक्याकडून वर येतो आणि पाय आळीपाळीने हलवतो. त्याच्या मिशा आखूड असून टोकाला गदेसारख्या जाड असतात. त्या पाण्याच्या पृष्ठभागाबाहेर काढून तो हवा आत ओढतो आणि पोटाखालच्या बारीक केसांत साठवतो, म्हणून पाण्यात त्याचं पोट चांदीसारखं चमकतं. मिशा श्वासाच्या कामात अडकल्यामुळे चाचपण्याचं काम तोंडाजवळचे लांब पाल्प, म्हणजे मिशांसारखे स्पर्शाचे अवयव, करतात. नवखा माणूस त्यांनाच मिशा समजतो. इंग्रजी नावात या कुलाला मेलेलं खाणारे म्हटलंय. प्रौढ भुंगेरे कुजकी पानं आणि शेवाळ खातात हे खरं, पण त्यांच्या बहुतेक अळ्या पक्क्या शिकारी असतात.

हायड्रोफिलिडी कुलात आजवर ३,००० च्या आसपास प्रजातींना नावं मिळाली आहेत. त्यातले काही ४-५ सेंटिमीटरचे असतात, पण उष्ण जंगलातले बरेचसे जेमतेम २-३ मिलिमीटरचे. बहुतेक काळे किंवा तपकिरी, गुळगुळीत, फुगीर. खरी अडचण इथेच आहे. वरून बघून दोन प्रजाती वेगळ्या करता येत नाहीत असं कितीतरी वेळा होतं. फरक असतो नराच्या जननांगात. ते तीन भागांचं असतं, मधला दांडा आणि दोन बाजूंच्या पाकळ्या. त्यांची टोकं, वळणं आणि लांबीचं प्रमाण प्रजातीगणिक बदलतं. त्यासाठी भुंगेरा गरम पाण्यात मऊ करून, पोटाच्या टोकातून तो भाग बारीक सुईने काढावा लागतो. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडने स्नायू विरघळवून तो ग्लिसरीनच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली बघायचा. तुमचे फोटो कितीही स्वच्छ असले तरी हा भाग त्यांत नाही. हाती फक्त माद्या असतील तर अनेकदा थांबावंच लागतं, किंवा डीएनएवरून त्यांचा नर कोणता ते शोधावं लागतं.

आता वेळेचं. नवीन प्रजाती जंगलात सापडते असं आपण म्हणतो, पण माझ्या अनुभवात ती टेबलावर सापडते, आणि तीही बऱ्याच उशिरा. कारण तुमच्या भुंगेऱ्याला आधीच कुणी नाव दिलेलं नाही हे सिद्ध करावं लागतं. प्राण्यांच्या नावांची मोजणी १७५८ पासून, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून सुरू होते. जुन्या काळातली कित्येक वर्णनं दोन-तीन ओळींची लॅटिन वाक्यं आहेत: काळा, चकचकीत, अंडाकृती. हे शेकडो भुंगेऱ्यांना लागू पडतं. या कुलापुरतं आपलं नशीब चांगलं, कारण मायकेल हॅन्सन यांनी १९९९ मध्ये तोवरच्या सगळ्या नावांची जागतिक सूची छापली. सूचीमुळे नाव कळतं, भुंगेरा मात्र कळत नाही. त्यासाठी ज्या नमुन्यावरून नाव दिलं गेलं तो मूळ नमुनाच बघावा लागतो. बेल्जियमच्या आर्मांड दॉर्शिमाँ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या कुलातल्या कितीतरी प्रजातींचं वर्णन केलं, त्यांचा संग्रह ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहे. बाकीचे नमुने लंडन, पॅरिस, बर्लिन असे विखुरलेले. कधी तिथे जायचं, कधी फोटो मागवायचे. एखाद्या मूळ नमुन्याचं जननांग शंभर वर्षांत कुणी काढलेलंच नसतं.

एक प्रसंग सांगतो. मला एकदा फिकट पिवळट रंगाचे दोन भुंगेरे मिळाले. त्यांच्या जीनसमधले, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटातले, बाकी सगळे काळे, त्यामुळे हे नवीनच अशी माझी खात्री झाली. वर्णनाचा मसुदाही लिहून झाला होता. मग बोट लावल्यावर वरचे कठीण पंख मऊ लागले. ते नुकतेच कोशातून बाहेर पडलेले भुंगेरे होते, रंग चढायचा बाकी होता. जननांग तपासलं तर नेहमीचीच प्रजाती निघाली. तेव्हापासून एक-दोन नमुन्यांवर मी नाव देत नाही. शक्य तितके नर, माद्या आणि वेगवेगळ्या जागचे नमुने जमवतो.

नियमांचं म्हणाल तर प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव लॅटिन लिपीत हवं, ही प्रजाती नवीन आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि इतरांपासून ती कशी वेगळी हे शब्दांत मांडलेलं हवं. म्हणजे नुसतं चित्र पुरत नाही. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ नमुना, म्हणून नेमायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार तेही सांगायचं. शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी लागते. नमुना हातून निसटला म्हणून फोटोवर नाव दिल्याची मोजकी उदाहरणं आहेत आणि त्यांवर बरंच भांडण झालं. पाणभुंगेऱ्यांत मी तसं कधीच करणार नाही. पुढचा अभ्यासक माझं म्हणणं खोडू शकला पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या हातात भुंगेरा पडायला हवा.

वर्णनात जागेलाही तितकंच महत्त्व द्या. हे भुंगेरे फक्त डबक्यात नसतात. ओल झिरपणाऱ्या कातळावर, ओढ्याकाठच्या वाळूत, साचलेल्या पालापाचोळ्यात, झाडांच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात, कुजक्या फळांत आणि शेणातही त्यांच्या प्रजाती आहेत. ‘जंगल, पाण्यात’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी पाहिली की मला वाईट वाटतं, कारण तो कातळावरचा होता की डबक्यातला हे आता कुणालाच कळणार नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर परवानगीशिवाय भुंगेरा पकडू नका. जंगलातून नमुने घ्यायला त्या त्या देशाची लेखी परवानगी लागते, आणि ती नसेल तर जबाबदार नियतकालिक निबंध घेत नाही. पुन्हा तिथे गेलात तर पोटाकडचा आणि डोक्याचा जवळून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. अक्षांश-रेखांश, तारीख, पाणी वाहतं होतं की साचलेलं, तळाशी पानं होती की दगड, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. मग या कुलावर काम करणाऱ्या कुणालाही ते पाठवा.