तांबडा रस्सा, बैरागी मांजर आणि पुराचे पाणी

या वेळच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रे मांजरांची निघाली, म्हणून हा अंक त्यांनाच देऊन टाकतो.

आमच्याकडं रविवारी मटण झालं की भाटी ताटाजवळ येऊन बसते. तांबड्या रश्शात कुस्करलेली भाकरी चाटूनपुसून खाते. तिखट तिला बाधत नाही, मग द्यायला काय हरकत आहे?
– मंगळवार पेठ, कोल्हापूर

हरकत तिखटापेक्षा कांदा-लसणाची आहे. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. माणसाला किंवा कुत्र्याला जेवढे सोसते, तेवढे मांजराला सोसत नाही. वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तावर परिणाम दिसू लागतो. चार किलोच्या भाटीला हा हिशेब २० ग्रॅमचा पडतो, म्हणजे मध्यम कांद्याचा पाचवा हिस्सा. शिजवल्याने हे द्रव्य मरत नाही आणि वाळवल्यावर तर ते आटून अधिक जहाल होते. आपला कांदा-लसूण मसाला म्हणजे नेमका हाच आटवलेला प्रकार. त्रास त्याच दिवशी दिसत नाही, म्हणून रश्शावर कुणाचा संशय जात नाही. दोन ते पाच दिवसांनी मांजर मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते आणि धाप लागते. तोवर रविवार विसरलेला असतो.

‘मग पांढरा देतो’ असे म्हणू नका, त्यातही लसूण असतोच. अळणी पाण्याचेही (मटण शिजवलेल्या पाण्याचेही) तेच. नाव अळणी असले तरी घरोघर ते कांदा, आले-लसूण आणि मीठ घालूनच शिजते.

सोपा उपाय असा : काहीही चोळण्याआधी मटणाचे किंवा चिकनचे चार-पाच तुकडे बाजूला काढा. वेगळ्या भांड्यात नुसत्या पाण्यात शिजवा, हाडे काढून टाका (शिजलेले हाड चिरफळते आणि घशात किंवा आतड्यात रुतते) आणि कोमट झाल्यावर शिजवलेल्या पाण्यासकट द्या. पाणी ओतून टाकू नका. मांजराला टॉरीन नावाचे द्रव्य मांसातूनच मिळवावे लागते, ते त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि शिजवताना ते पाण्यात उतरते. टॉरीन कमी पडले की डोळ्याचा पडदा झिजतो, हृदय सैल होऊन फुगते. हृदयाच्या त्या आजाराचे मूळ आहारात आहे, हे १९८७ साली सिद्ध झाले. दूध-भाकरी आणि दूध-भातावर वर्षानुवर्षे ठेवलेले मांजर बाहेरून उंदीर मारून ही कसर भरून काढते. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही.

उलट टोकही वाईट. रोज नुसते बोनलेस चिकन दिले तर कॅल्शियम मिळत नाही आणि वाढत्या पिल्लांची हाडे वाकतात. चार किलोच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २२० कॅलरी लागतात. त्यातला निम्म्याहून जास्त भाग मांजरांच्या संपूर्ण आहाराच्या पाकिटातून आणि सोबत ४०-५० ग्रॅम साधे शिजवलेले मांस, हा व्यवहारी मेळ आहे. कलेजी आठवड्यातून एकदा, सुपारीएवढी. रोज दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व साठून मानेचे आणि पाठीचे मणके जखडतात. कुत्र्याचे खाद्य मात्र कायमचे देऊ नका. त्यात मांजरापुरते टॉरीन असेलच असे नाही.

गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध बोक्याला रोज वाटीभर देतो. पण त्याला वरचेवर जुलाब होतात.
– शिवाजी पेठ

दूध बंद करा, जुलाब बहुधा थांबतील. आईचे दूध सुटले की बहुतेक मांजरांच्या आतड्यातले दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य घटत जाते. त्यात म्हशीच्या दुधाची चरबी. मांजर दुधाला हपापते ते त्या चरबीसाठी. गोड चव त्याला मुळी कळतच नाही. दूध काढून घेतल्यावर तिथे पाण्याची वाटी हवी, हे विसरू नका. आठवड्याने जुलाब तसेच राहिले तर शी तपासून घ्या, जंत असू शकतात.

मांजर तापानं फणफणलंय. लहान मुलांना देतो तशी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चालेल का?
– जयसिंगपूर

नाही. पाव गोळीही जीव घेऊ शकते. हे औषध निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची यकृतातली यंत्रणा मांजरात फार दुबळी आहे. दिली गेलीच असेल तर तोंड-पंजे सुजण्याची किंवा हिरड्या तपकिरी-निळसर होण्याची वाट न पाहता, गोळीचे पाकीट घेऊन तडक पशुवैद्याकडे जा. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच खरा उपयोगी. याच दुबळेपणामुळे फिनेलही मांजराला घातक. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून ते चालते आणि मग पंजे चाटते. मांजर असलेल्या घरात फरशी साबणाच्या पाण्याने पुसावी.

तीन वर्षांचा बोका कालपासून रेतीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजलं. अजून फरक नाही.
– इचलकरंजी

या पत्राला टपालाने आधीच उत्तर धाडले. ते इथे छापतो कारण हीच चूक घरोघर होते. कुंथणारा बोका दिसला की पहिला संशय लघवी तुंबल्याचा घ्यायचा, शौचाचा नंतर. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी अतिशय अरुंद असतो. लघवीतले खडे आणि चिकट स्राव यांचे बूच तिथे बसते. लघवी पूर्ण अडली की रक्तातले पोटॅशियम चढते आणि २४ ते ४८ तासांत हृदय बंद पडू शकते. भाटीचा मार्ग रुंद असल्याने तिला हे क्वचितच होते.

ओळखायचे कसे? ट्रेमधली रेती चाळून पाहा. एरवी दिवसातून दोन-चार ओले गोळे निघतात. आता एकही नाही, किंवा थेंब-थेंब आणि लालसर. बोका मागचा भाग सतत चाटतो. मागच्या पायांपुढे पोटात लिंबापेक्षा मोठा, टणक गोळा हाताला लागतो. तो दाबू नका, मूत्राशय फुटू शकते. उलटी सुरू झाली असेल तर रात्र असली तरी निघा. दवाखान्यात भूल देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा करतात आणि शिरेतून सलाइन देतात. घरी करण्यासारखे यात काहीच नाही, आणि एरंडेलाने फक्त वेळ जातो.

एकदा सुटका झाली तरी हे पुन्हा होते. त्यावर खरा इलाज म्हणजे पाणी. चार किलोच्या मांजराला अन्नातले धरून दिवसाला सुमारे २०० मिली लागते. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या अन्नात पाऊणहिस्सा. त्यामुळे दाणे देत असाल तर त्यावर कोमट पाणी घाला. पाण्याची भांडी पसरट ठेवा, जेवणापासून लांब, आणि घरात दोन-तीन ठिकाणी. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. आमच्या माळ्यावर व्यालेली भाटी दोन पिल्लं घेऊन गेली, दोन इथंच आहेत. उचलू का?
– गडहिंग्लज

थांबा. सात हा आकडा आपला, पण जागा बदलणे खरे. व्यालेल्या जागी वास साचतो, बोके हुंगत येतात, माणसे डोकावतात, मग ती हलते. पिल्लू मानेच्या कातड्याला धरून एकेक करून नेते. धरल्याबरोबर पिल्लू अंग चोरून लटकते, काहीच करत नाही. भक्तिशास्त्रातला ‘मार्जारन्याय’ तो हाच : माकडाचे पोर आईला चिकटून राहते, मांजराचे पोर स्वतःला आईवर सोडून देते. दोन खेपांमध्ये बराच वेळ जाऊ शकतो. दोन-तीन तास लांबून पाहा, माळ्याखाली खुर्ची टाकून बसू नका.

तरीही आली नाही आणि पिल्ले गार पडून ओरडू लागली तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली जुन्या सुती कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे उकडले तर पिल्लाला सरकता येते. दूध पिल्लांसाठीच्या पावडरीचे, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथे हवे. बाळासारखे उताणे धरले की दूध फुप्फुसात जाते, आणि हाती वाढवलेली कितीतरी पिल्ले यानेच दगावतात. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने बुडाशी हलके पुसा. आईच्या चाटण्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. जन्मताना वजन साधारण १०० ग्रॅम असते, रोज १०-१५ ग्रॅम वाढले पाहिजे. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. दोन दिवस काटा हलला नाही तर दवाखाना.

आणि भाटीची शस्त्रक्रिया लांबवू नका. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि ६३-६५ दिवसांनी पुन्हा माळा.

चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. मांजर म्हटलं की सगळे इजिप्त दाखवतात. आपल्याकडं जुन्या कलेत मांजर नाहीच का? आणि माझं मांजर काढलं की वाघाचं पिल्लू का दिसतं?
– राजारामपुरी

आहे, आणि चांगलेच खट्याळ आहे. महाबलीपुरमला सातव्या शतकातला पल्लवांचा प्रचंड शिलापट आहे. कुणी त्याला अर्जुनाची तपश्चर्या म्हणते, कुणी गंगावतरण. वर एका पायावर उभा, हात उंचावलेला तपस्वी आहे. खाली त्याची हुबेहूब नक्कल करत मागच्या पायांवर उभे मांजर : पुढचे पंजे डोक्यावर, पोट खपाटीला, आणि पायाशी उंदीर. कथा महाभारताच्या उद्योगपर्वातली आहे. दुर्योधन शकुनीचा मुलगा उलूक याला दूत म्हणून पाठवून युधिष्ठिराला तपाचे सोंग घेऊन उंदीर खाणाऱ्या या ढोंगी मांजराची उपमा देतो. त्यात उंदरांना संशय येतो तो नेमक्या निरीक्षणाने : कंदमुळे खाणाऱ्याच्या विष्ठेत केस कसे? मनुस्मृतीत अशा ढोंग्याला ‘बैडालव्रतिक’, म्हणजे मांजराचे व्रत पाळणारा, म्हटले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या कालीघाट पटचित्रांत हेच मांजर येते, कपाळाला वैष्णव टिळा आणि तोंडात कोळंबी. देवघरातही त्याला जागा आहे : षष्ठीदेवीचे वाहन मांजर. इजिप्तचे नेबामुनच्या थडग्यातले, पक्षी पकडणारे मांजर (इ.स.पू. सुमारे १३५०, आता ब्रिटिश म्युझियममध्ये) अंगावरच्या केसांच्या रंगकामासाठी जरूर अभ्यासा. पण थट्टा शिकायची तर कालीघाट.

आता तुमचे वाघाचे पिल्लू. पहिला संशय डोळ्यांवर. वाघ, बिबट्या, चित्ता यांची बाहुली गोल असते, मांजराची उजेडात उभी चीर होते. दुसरी चूक मागच्या पायाची. उलटा वळलेला जो ‘गुडघा’ आपण काढतो ती टाच आहे, खरा गुडघा वर पोटालगत असतो. मांजर बोटांवर चालते. पुढे पाच बोटे (पाचवे वर, जमिनीला न टेकणारे), मागे चार. तिसरी गोष्ट खांदा : मांजराचे गळपट्टीचे हाड (कॉलरबोन) सांध्याने जोडलेले नसते, त्यामुळे दबा धरताना खांद्याची पाती पाठीच्या रेषेच्या वर येतात. ती पाठीखाली ठेवली की मांजर उशीसारखे दिसते. मिशा प्रत्येक बाजूला साधारण बारा, चार ओळींत. झाडूसारख्या एका ठिपक्यातून काढू नका.

संस्थानकाळात कोल्हापुरात शिकारीसाठी चित्ते पाळत, त्यांची जुनी छायाचित्रे पाहायला मिळाली तर नखे बघा. चित्त्याची नखे पुरती आत जात नाहीत, मांजराची जातात. चित्ता मात्र डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा गुरगुरतो.

तिरंगी मांजर नेहमी भाटीच का असते?
– कागल

नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. काळा आणि नारिंगी दोन्ही रंग यायला दोन एक्स लागतात, ते मादीकडे असतात. तिरंगी बोका साधारण तीन हजारांत एखादा, त्याच्याकडे बहुधा एक जादा एक्स असतो आणि तो सहसा वांझ निघतो. हा जनुक कोणता, ते जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ साली स्वतंत्रपणे दाखवून दिले.

पूर आला की माणसं, गुरं निघतात. मांजर ऐनवेळी सापडत नाही. २०१९ ला तसंच झालं, २०२१ लाही. काय करावं?
– प्रयाग चिखली

मांजर घाबरले की वर चढते आणि अंधारात दडते. पाणी चढताना तेच माळ्यावर अडकते. म्हणून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या धोक्याला पोचण्याची वाट पाहू नका. ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी आली की मांजर एका खोलीत कोंडा. त्या खोलीत माळा किंवा जड कपाट नको.

टोपलीची सवय मात्र जूनआधीच लावायची. झाकण काढून ती घरात कायम पडू द्या, आत जुनी चादर, आणि रोजचा एक घास तिथेच. दोन-तीन आठवड्यांत मांजर आपण होऊन आत झोपते. मग झाकण क्षणभर लावा, हळूहळू वेळ वाढवा. विकतची टोपली नसेल तर फळांचे दोन सारखे प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने चारही कडांना आवळून बांधा. हवा खेळते आणि खालून पाणी निथळते. पुठ्ठ्याचे खोके पावसात पाच मिनिटांत फाटते.

ऐनवेळी काहीच नसेल तर जाड उशीचा अभ्रा. तो बाहीसारखा उलटा करून हातात घाला, मांजराची मान आणि बूड धरून अभ्रा त्याच्यावर ओढून घ्या, तोंड बांधा. सुती कापडातून श्वास घेता येतो. अभ्रा भिजू देऊ नका, ओल्या कापडातून हवा जात नाही. या झटापटीत चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. सुईचे पुढचे दिवस तिथे लिहून देतात, तो कागद हरवू नका.

सोबत तीन दिवसांचे कोरडे खाद्य, लसीचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत आणि घरच्या ट्रेमधली ओंजळभर वापरलेली रेती. निवारा शिबिरात नव्या जागी मांजर लघवी धरून बसते, ओळखीचा वास आला की सोडते. घरी परतल्यावर गाळ उपसून फरशी धुवेपर्यंत त्याला बांधलेलेच ठेवा. गाळाने भरलेले पंजे ते चाटणारच.