भारतातल्या घोड्यांच्या शर्यतींचा कारभार सुधारायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीएसटी ४० टक्के झाल्यापासून रेस क्लब बुडालो बुडालो म्हणून ओरडतायत, पण मुळात हे श्रीमंतांचे क्लब, तेही सरकारी जमिनीवर बसलेले. मग सरकारने कर कमी करावा की सरळ क्लबच ताब्यात घ्यावेत?

माझ्या मते दोन्ही नको. कराचा दर किती यापेक्षा तो कशावर लागतो हे बदलायला हवं. आणि ते बदलून घ्यायचं असेल तर क्लबांना हातातले काही अधिकार सोडावे लागतील. एक गोष्ट केली आणि दुसरी टाळली तर काही हाती लागणार नाही.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवाल. मी पुण्यात करसल्लागार आहे. मित्रांबरोबर एका घोडीत माझा छोटासा हिस्सा आहे. ती डर्बी जिंकेल असं तिच्या ट्रेनरलाही वाटत नाही, तिच्या सईसाला, म्हणजे तिची देखभाल करणाऱ्याला, मात्र वाटतं. म्हणजे मी पूर्ण तटस्थ नाही, पण या धंद्यातून माझं घरही चालत नाही.

आता कर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा शर्यतीच्या बेटवर २८ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे, कॅसिनो आणि लॉटरीच्या रांगेत. खरी मेख जीएसटीच्या नियम ३१अ मध्ये आहे. त्यानुसार कर क्लबच्या कमिशनवर नाही, तुम्ही लावलेल्या संपूर्ण रकमेवर लागतो.

हिशेब सोपा करून सांगतो. समजा टोट शंभर रुपयांतले वीस स्वतःकडे ठेवतो आणि ऐंशी जिंकणाऱ्यांना वाटतो. टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा करून, कमिशन कापून उरलेले वाटायची पद्धत. तुम्ही खिशात १४०० रुपये घेऊन गेलात. पहिल्या शर्यतीला १००० चा डाव, ४०० कर. सरासरीने ८०० परत आले. तेच दुसऱ्या शर्यतीला लावले की कर जाऊन सरासरी ४५७ हातात, तिसऱ्यानंतर २६१. कर फक्त टोटच्या वीस रुपयांवर, टोटच्याच खिशातून लागला असता, तर तेच १४०० तीन शर्यतींनंतर ७१७ झाले असते. दिवसभरात सात-आठ शर्यती असतात. म्हणजे सध्याच्या पद्धतीत सामान्य पंटर (डाव लावणारा) चहाच्या वेळेपर्यंत रिकामा होतो, आणि प्रत्येक फेरीत कर त्याच त्या पैशावर पुन्हा लागतो. वर एखादं मोठं तिकीट लागलं आणि १०,००० च्या पुढे जिंकलात, तर ३० टक्के टीडीएस कापला जातो, आधीच्या हरलेल्या तिकिटांची वजावट मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सरकारला तर आत्ताच्या पद्धतीत जास्त मिळतंय. कागदावर, हो. त्या तीन शर्यतींत सध्याच्या पद्धतीने साधारण ७६० रुपये कर, कमिशनवर लावला तर २७३. पण हा हिशेब पंटर खिडकीवरच उभा राहणार असं धरून आहे. तो राहत नाही. पावसाळ्यात पुण्याच्या कोर्सवर या, स्वतः बघा. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं ‘कोल’ (शर्यतींच्या माहितीचं पुस्तक) काखेत मारून काका टोटच्या स्क्रीनपाशी उभे असतात, भाव बघतात, आणि मग खिडकीकडे न जाता भिंतीकडे तोंड करून मोबाइल कानाला लावतात. पलीकडचा बुकी कर घेत नाही, टीडीएस कापत नाही, वर उधारीही देतो. शर्यत क्लबची, घोडा मालकाचा, भाव टोटचा, आणि पैसा तिसऱ्याच्याच खिशात. त्या पैशातून सरकारला शून्य आणि शर्यतीलाही शून्य.

शर्यतीला शून्य म्हणजे काय ते जरा उलगडून सांगतो, कारण बाहेरच्यांना ही साखळी दिसत नाही. टोटच्या कमिशनमधून बक्षिसाची रक्कम निघते. बक्षिसाच्या आशेवर मालक ट्रेनरचं महिन्याचं बिल भरतो. त्या बिलातून सईसाचा पगार, ओट्स आणि गवत, नालबंद, डॉक्टर. सकाळी उजाडायच्या आत सईस घोडीला चालवून गरम करतो, काम झाल्यावर अंग धुऊन, पुसून, पायावर हात फिरवून कुठे ऊब लागतेय का बघतो. नडगीपाशी जरा गरम लागलं तर ट्रेनरच्या आधी त्याला कळतं. या माणसाचा पगार शेवटी टोटच्या खिडकीवर ठरतो. बक्षिसं आटली की मालक घोडे कमी करतात, लिलावात शिंगरांना गिऱ्हाईक मिळत नाही, आणि फटका थेट मावळ-हडपसरच्या स्टड फार्मपर्यंत येतो. (पुण्याला या धंद्याने काय दिलं याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: पूनावालांच्या स्टडवरचे निवृत्त घोडे हाफकिनला सीरम बनवायला जात, त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.)

‘कर कमी करा’ ही क्लबांची मागणी मला म्हणूनच अर्धवट वाटते. हाँगकाँग बघा. तिथे जॉकी क्लबकडून सरकार ७२.५ ते ७५ टक्के कर घेतं, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण तो जिंकणाऱ्यांचे पैसे वाटून उरलेल्या रकमेवर. पूर्वी तिथेही एकूण उलाढालीवर कर होता, बेकायदा बुकींनी धंदा ओरबाडायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये त्यांनी कराचा पाया बदलला. त्यामुळे क्लबला पंटरांना चांगला परतावा देता आला आणि घसरलेली उलाढाल पुढे पुन्हा वर आली. आपल्याकडे कर्नाटक उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं: टोटला मिळतं ते कमिशन, कर त्यावरच लावा. सरकार अपिलात गेलं.

आणि इथंच घोडं पेंड खातं. हा नियम बदलायचा तर जीएसटी कौन्सिलमध्ये तीन चतुर्थांश मताधिक्य लागतं. मतांचं एक तृतीयांश वजन केंद्राकडे, दोन तृतीयांश राज्यांकडे. म्हणजे ज्या राज्यांत रेसकोर्सच नाही, त्यांनाही पटवावं लागणार. त्यांच्यापुढे जाऊन बोलणार कोण? मुंबई-पुण्याचा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब वेगळा, कोलकात्याचा वेगळा, बंगळूर, हैदराबाद, मद्रास वेगळे. एकत्र बसायला टर्फ ऑथॉरिटीज ऑफ इंडिया आहे, पण तिच्यामागे कायद्याचं बळ नाही आणि एखाद्या क्लबने ऐकलं नाही तर ती काही करू शकत नाही.

त्यात प्रत्येक क्लब एकाच वेळी आयोजकही असतो, टोट चालवणाराही, बुकींना जागा देणाराही आणि न्यायाधीशही. घोडा मुद्दाम मागे खेचला का, जॉकीवर किती दिवस बंदी घालायची, डोपिंगचा नमुना सदोष निघाला तर ट्रेनरचं काय करायचं, हे ठरवणारे स्टुअर्ड क्लबच्याच निवडणुकीतून आलेले किंवा क्लबच्या पगारावरचे. कमिटीतल्या अनेकांचे स्वतःचे घोडे धावत असतात. ते सगळे गैर वागतात असं मी म्हणत नाही. पण घोडा तुमचा, पंच तुमचा आणि गल्लाही तुमचाच असेल, तर अर्थमंत्र्यांनी तुमच्या आकड्यांवर विश्वास का ठेवावा? बरं, मत कुणाला? क्लबच्या सभासदांना. नुसता घोड्याचा मालक असलात म्हणून मत मिळत नाही. ट्रेनर, जॉकी, सईस यांचा तर प्रश्नच नाही.

जानेवारी २०२४ मध्ये बंगळूर टर्फ क्लबच्या आवारात बुकींच्या स्टॉलवर पोलिसांची धाड पडली. आरोप होता, घेतलेले बेट्स कागदावर न दाखवता जीएसटी बुडवण्याचा. पुढे राज्य सरकारने शर्यतींचा परवानाच नाकारला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आरोप बुकींवर, फटका सगळ्यांना. स्वतंत्र नियामक असता तर त्या बुकींचे परवाने त्याने आधीच काढून घेतले असते, निदान तशी शक्यता तरी असती.

राष्ट्रीय संस्था आपल्याला जमतच नाही असंही नाही. स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यातच आहे. देशभरातल्या प्रत्येक थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) शिंगराची नोंद तिथे होते, कारण परदेशी स्टड बुकं देशाचं एकच दप्तर मानतात. म्हणजे शिंगरू जन्मतं तेव्हा राष्ट्रीय असतं, धावायला लागलं की प्रांतिक होतं!

मला जे व्हावंसं वाटतं ते असं. शर्यतींचे नियम, परवाने, डोपिंग, शिक्षा हे सगळं क्लबांकडून काढून एका स्वतंत्र मंडळाकडे द्यावं. क्लबांनी कोर्स सांभाळावा, शर्यती भरवाव्यात, टोट चालवावा. ब्रिटनमध्ये जॉकी क्लबने शतकानुशतकं गाजवलेला अधिकार सोडला आणि २००७ मध्ये ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटी आली. तिथे पैशाची सोयही कायद्याने केलेली आहे: बुकमेकरच्या ढोबळ नफ्यातून १० टक्के लेव्ही थेट शर्यतींकडे जाते, सरकारचा कर त्याहून निराळा. आपल्याकडेही अशी लेव्ही हवी, आणि तिच्यातला ठरलेला वाटा बक्षिसं, डोपिंग तपासणी, सईसांचा विमा आणि निवृत्त घोडे यांना कायद्यानेच बांधून द्यावा. नाहीतर क्लबहाउसच्या नव्या फरशीत जाईल. एकजुटीने काय होतं तेही तिथे दिसलं. करवाढीची चाहूल लागताच १० सप्टेंबर २०२५ ला ब्रिटनभरातल्या शर्यती एक दिवस बंद ठेवल्या गेल्या, आणि नोव्हेंबरच्या बजेटमध्ये ऑनलाइन गेमिंगवरचा कर ४० टक्क्यांवर नेताना शर्यतीच्या बेटिंगला १५ टक्क्यांवरच ठेवलं.

संसदेने उद्या कायदा करावा असं म्हणणाऱ्यांनी घटना वाचावी. ‘बेटिंग आणि जुगार’ हा विषय राज्य सूचीत, नोंद ३४. तमिळनाडूने त्याच अधिकारात १९७४ मध्ये शर्यतींवर बंदीचा कायदा केला, आणि घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाकडून यायला १९९६ उजाडलं. मार्ग आहे तो अनुच्छेद २५२ चा: दोन किंवा अधिक विधिमंडळांनी ठराव केले की त्या राज्यांपुरता संसद कायदा करू शकते, बाकीची राज्यं मागून सामील होतात.

राहिली जमीन. तुमचा राग मुळात तिच्यावर असावा, आणि तो रास्त आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ ला संपला, निर्णय व्हायला २०२४ उजाडलं. २११ एकरांतले १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे गेले, ९१ क्लबकडे राहिले. मधल्या अकरा वर्षांत उद्या इथे असू की नसू हे माहीत नसताना कोण पैसा घालणार? चेन्नईत तर गिंडीच्या कोर्सला थकलेल्या भाड्यावरून सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने टाळंच ठोकलं. माझ्या मते शहराच्या मध्यातली जमीन हवी असेल तर क्लबने बाजारभावाच्या जवळपास भाडं द्यावं, हिशेब लोकांपुढे ठेवावेत, आणि तबेले व ट्रेनिंग हळूहळू शहराबाहेर न्यावं. घोड्यांनाही तेच बरं. हे म्हटल्यावर मुंबईचे जुने मालक माझ्यावर चिडतात.

हे होईल का? बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकलीसुद्धा, कारण जुन्नर-आंबेगावपासून सांगलीपर्यंत प्रत्येक आमदाराला बैलगाडा मालकांची मतं दिसत होती. घोड्यांच्या शर्यतीमागे तशी मतं नाहीत. सईस, नालबंद, स्टडवरचे मजूर यांना क्लबांनी कधी बरोबर घेतलंच नाही. त्यामुळे पहिलं पाऊल क्लबांनाच उचलावं लागेल: नियामकाचं काम आम्ही सोडतो असं लिहून द्यायचं आणि तो कागद घेऊन मुंबई आणि हैदराबादच्या विधिमंडळांकडे जायचं. ठरावाला दोन राज्यं पुरतात.