मासेमारीत माशांची वाढ आणि पैशाचा हिशोब एकाच मॉडेलमध्ये घालून खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की माशांची वाढ आणि मासेमारीचा खर्च-उत्पन्न एकत्र धरणारी मॉडेल्स प्रत्यक्षात कामाला येतात का, की नुसती पेपरात राहतात. येतात, आणि मला तर वाटतं त्याशिवाय नियम करणंच चुकीचं आहे. मी सांगलीचा, इकॉनॉमिक्स शिकलोय, आणि आमचे काका शिराळा तालुक्यात एका तलावावर जाळं टाकतात, त्यांच्या मच्छीमार संस्थेची वही मीच लिहितो.

गेल्या फेब्रुवारीत सकाळी सहाला काठावर होतो. क्रेटमध्ये कटला मासा पडत होता, एकेक नग जेमतेम ४०० ग्रॅमचा, आणि काका काट्याकडं बघून गप्प. मी म्हटलं काका, अजून पाच-सहा महिने ठेवला असता तर किलोचा झाला असता की. म्हणाले, "मला कळत न्हाई व्हय? उचल कोण फेडणार?" तलावाचा ठेका भरायला व्यापाऱ्याकडनं महिना शेकडा ३ नं पैसे उचललेले. मासा महिन्याला त्यापेक्षा कितीतरी जास्त टक्क्यानं वाढत होता, म्हणजे थांबण्यातच फायदा होता, पण व्यापारी थांबायला तयार नव्हता. नुसतं जीवशास्त्र सांगेल जाळ्याचा आस म्हणजे भोकं मोठी ठेवा, बारका मासा धरू नका. बरोबर आहे, पण उचलीचं काही केलं नाही तर तो नियम पाळणार कोण? कोवळा ऊस तोडला की उतारा पडतो हे आमच्याकडं पोरासोरांना पण माहितीय, तरी नड असली की तोडतातच.

आता मूळ मॉडेल. शेफर आणि गॉर्डन या दोन अभ्यासकांनी १९५४ मध्ये वेगवेगळं मांडलेलं, पहिल्यानं माशांच्या बाजूनं आणि दुसऱ्यानं पैशाच्या. समजा एका धरणात चिलापीसारखा आपोआप पैदास होऊन वाढणारा मासा आहे, आकडे मी मनानंच घेतोय. रोज ७ होड्या गेल्या तर कायम टिकणारा माल १८२ किलो, १० गेल्या तर २०० किलो आणि १४ गेल्या तर १६८ किलो, कारण वाढायला मासाच शिल्लक राहत नाही. भाव १०० रुपये किलो आणि एका होडीचा मजुरीसकट खर्च १२०० धरा. १० होड्यांना सगळ्यात जास्त मासा मिळतो पण नफा ८००० होतो, ७ होड्यांना ९८०० होतो, आणि १४ होड्यांना शून्य. कुणाला अडवलं नाही तर होड्या १४ पर्यंत जातातच, कारण तोवर प्रत्येकाला काहीतरी सुटत असतं. म्हणजे जास्तीत जास्त मासा आणि जास्तीत जास्त नफा हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि नफ्याचा आकडा धरला तर पाण्यात मासाही जास्त राहतो.

पण हे नेहमीच असं होत नाही. कॉलिन क्लार्क या गणितज्ञानं १९७३ मध्ये दाखवलं की व्याज जास्त आणि प्राणी हळू वाढणारा असेल, व्हेलसारखा, तर सगळा मारून पैसे बँकेत टाकणं एकट्या मालकाला फायद्याचं पडू शकतं. म्हणून मॉडेलमध्ये व्याजदर घालायचाच, आणि किमान किती साठा ठेवायचा ही अटही घालायची.

प्रत्यक्ष उदाहरण पाहिजे तर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडची कोळंबी बघा. एकेकाळी तिथं ३०० च्या आसपास बोटी होत्या, सरकारनं पैसे देऊन परवाने परत घेतले, आता ५२ आहेत. २००७ पासून त्यांचं धोरणच जास्तीत जास्त नफा देणारा साठा पाण्यात राखण्याचं आहे, टायगर कोळंबीसाठी असंच एकत्रित मॉडेल वापरतात. ज्यांच्या बोटी गेल्या त्यांच्या खलाशांचं काय, हा प्रश्न मात्र मॉडेल सोडवत नाही, आपल्याकडं तो भोई वस्तीत बसूनच सोडवावा लागेल.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर एका जातीसाठी एक्सेल बास झालं, अनेक जाती असतील तर इकोपाथ फुकट मिळतं, त्यात भाव आणि खर्च पण घालता येतो. पण आधी वही पाहिजे: होड्या किती, किती तास, कुठला मासा किती किलो, भाव काय, बर्फाला किती गेले. आमच्या वहीत आधी फक्त एकूण किलो लिहायचे, होड्यांची संख्या कुणी लिहिलीच नाही, त्यामुळं मागच्या सगळ्या वर्षांतून मला काहीच काढता आलं नाही.