महसूल 'ओळखायचा' की उत्पन्न 'धरायचे'?

साखर कारखान्यांसाठी ऑर्डरप्रमाणे बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेब पाहणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. वार्षिक अहवालाच्या मराठी मसुद्यात 'प्रगतिपथावरील कंत्राटांचा महसूल पूर्णत्वाच्या टक्केवारीनुसार ओळखला जातो' असे वाक्य आले आहे. ते बरोबर आहे का?

व्याकरणात चूक नाही, पण ते मराठीही वाटत नाही. आपण माणूस ओळखतो, आवाज ओळखतो. रक्कम आपण धरतो. 'भाडं धरून किती झाले?' असे घरोघरी विचारतात. शिवाय 'धरणे'मध्ये अंदाजाला जागा आहे. जेवणाला पन्नास पाने धरतो, तेव्हा पाहुणे अजून यायचेच असतात.

या कंत्राटांत नेमके तेच घडते. समजा, बॉयलर १२ कोटींना ठरला आणि एकूण खर्च ९ कोटी येईल असा अंदाज आहे. ३१ मार्चपर्यंत कामावर ३ कोटी ६० लाख खर्च झाले, म्हणजे ४० टक्के काम झाले. तेव्हा त्या वर्षात ४ कोटी ८० लाख उत्पन्न धरायचे. नुसते आणून ठेवलेले, अजून न बसवलेले महागडे पंप या टक्केवारीत मोजत नाहीत. उद्या पोलाद महागले की अंदाज बदलतो आणि टक्केवारीही बदलते. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेले इंड एएस ११५ हे कंपन्यांच्या हिशेबाचे मानक अशी मोजणी कधी चालते तेही सांगते. एक वाट अशी: ती वस्तू दुसऱ्या कुणाला सहज विकता येण्याजोगी नसावी आणि झालेल्या कामाचे पैसे मागण्याचा हक्क करारात असावा.

आता 'महसूल'. हा अरबीतून आलेला शब्द. मूळ अर्थ हाती आलेले, पदरात पडलेले. 'तहसील' आणि 'त्यात काय हशील?' मधला 'हशील' ही त्याचीच भावंडे. सरकारी वसुलीला तो शोभतो. पण वरच्या ४ कोटी ८० लाखांतले बरेचसे अजून हाती आलेलेच नाहीत. 'उत्पन्न' म्हणजे उपजलेले. काम झाले तसे ते उपजले, पैसे येवोत वा न येवोत. इतका चपखल शब्द आपल्या घरात असताना तो बाजूला का ठेवावा? मला इथे 'उत्पन्न'च हवे.

'येणे' मात्र जपून वापरावे. समजा, बिले ३ कोटींचीच निघाली. त्यातले जे अजून मिळायचे ते येणे. उरलेल्या १ कोटी ८० लाखांवरचा हक्क पुढचा टप्पा पुरा होण्यावर अवलंबून असेल, तर त्याला 'बिल न झालेले उत्पन्न' असे सरळ म्हणावे. दोन्ही एका ओळीत घातली तर वाचणाऱ्याची फसगत होते.

'प्रगतिपथावरील' हा शब्दही नको. रस्त्यावरची पाटीसुद्धा 'काम चालू' एवढेच सांगते आणि सगळ्यांना कळते.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'चालू कंत्राटांचे उत्पन्न, जितके काम झाले त्या टक्केवारीने, त्या त्या वर्षात धरले आहे.'